सायडर व फळरस

सायडर व फळरस : सफरचंदाच्या रसाचे किण्वन (सूक्ष्मजीवांच्या क्रियेने घडून येणारे रासायनिक परिवर्तन, आंबण्याची क्रिया) झाल्यावर जे सौम्य मद्य तयार होते, त्यास ‘सायडर’ म्हणतात. तोच रस किण्वन होऊ न देता टिकविला, तर त्यास ‘फळरस’ ही संज्ञा लावतात. दोहोंचा कच्चा माल एकच असून रस काढण्याची रीतही बहुतांशी सारखीच आहे. भेद आहे तो रस निघाल्यानंतरच्या काही दिवसांत त्याचे काय होऊ दिले जाते यात. नीरा व ताडी यांच्या उदाहरणावरून मराठी वाचकास हा भेद सहज कळेल. झाडाचा रस आतून चुना लावलेल्या मडक्यात धरला व सूर्योदयापूर्वी उतरविला, तर ती नीरा. तो तसाच राहू दिला, तर त्याची ताडी होते. गोव्यात काजूच्या बोंडांपासून निथळणारा ताजा रस ‘निरो’ म्हणून पितात, तर बोंडांचा रस आंबवून व ऊर्ध्वपातित करून हुर्राक व फेणी तयार करतात.

फळरस हा मूळचा पदार्थ व सायडर हे त्याचे मागाहून बनविलेले रूप, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पेय म्हणून या दोहोंचा इतिहास पाहिला, तर तो याच्या उलट दिसतो. रस काढला की तो आपोआप आंबतो. त्यासाठी माणसाला काही करावे लागत नाही. रस महिनोन्‌महिने गोड ठेवण्यासाठी मात्र सूक्ष्मजीवांविषयीचे ज्ञान, उष्णता देण्याची साधने व हवाबंद भांडी लागतात. त्यामुळे सायडर सु. दोन हजार वर्षांपासून ज्ञात आहे, तर वर्षभर मिळणारा बाटलीतील फळरस ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील निर्मिती आहे.

संज्ञा : ‘सायडर’ हा इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंच भाषेतील ‘सिद्र’ यावरून आला. त्याचे मूळ लॅटिन ‘सिसेरा’, ग्रीक ‘सिकेरा’ व अखेरीस हिब्रू ‘शेखार’ या शब्दांपर्यंत जाते. ‘शेखार’ म्हणजे कोणतेही मादक पेय. त्याचा सफरचंदाशी संबंध नव्हता. पुढे फ्रान्सच्या उत्तर भागात सफरचंदाचे मद्य सर्वत्र प्रचारात आल्यावर हा सामान्य शब्द त्याच एका पेयासाठी रूढ झाला. स्पॅनिश भाषेत ‘सिद्रा’ हे त्याच शब्दाचे रूप आहे. जर्मन भाषेत मात्र ‘आप्‌फेलवाइन’ (सफरचंदाची वाइन) असे म्हणतात. नासपतीच्या रसापासून याच रीतीने केलेल्या मद्यास इंग्रजीत ‘पेरी’ हे स्वतंत्र नाव आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘सायडर’ या शब्दाने न आंबविलेला, न गाळलेला व गढूळ रस दर्शविला जातो आणि मद्यास ‘हार्ड सायडर’ म्हणावे लागते. एकाच शब्दाचे दोन देशांत परस्परविरुद्ध अर्थ कसे झाले, याचे उत्तर पुढे येणाऱ्या इतिहासात सापडते.

रसाचे रूपांतर : सफरचंदाच्या रसात साधारणतः १० ते १३ टक्के शर्करा असते व तीत फ्रुक्टोजाचे प्रमाण सर्वांत अधिक असते. याशिवाय मॅलिक अम्ल, टॅनिने, पेक्टीन व सुवासिक द्रव्ये असतात. सालीवर आणि चरकाच्या लाकडात व फडक्यांत नैसर्गिक यीस्टे असतात. रस निघाल्यावर प्रथम अल्कोहॉल फारसे सहन न करणारी यीस्टे वाढतात व मागाहून सॅकॅरोमायसीज प्रजातीतील यीस्टे त्यांची जागा घेतात. ती शर्करेचे एथिल अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर करतात. एक लिटर रसातील सु. १७ ग्रॅ. शर्करेपासून १ टक्का (घनफळाने) अल्कोहॉल बनते. म्हणून सर्व शर्करा आंबू दिल्यास साध्या सायडरमध्ये ६ ते ७ टक्क्यांच्या आसपास अल्कोहॉल येते. यानंतर लॅक्टिक अम्ल तयार करणारे जंतू तीव्र मॅलिक अम्लाचे सौम्य लॅक्टिक अम्लात रूपांतर करतात व चव मवाळ होते. पिंपात हवा शिरली, तर ॲसिटिक अम्ल तयार करणारे जंतू अल्कोहॉलापासून शिर्का (व्हिनेगर) बनवितात. अशा रीतीने गोड रस, मद्य व शिर्का या एकाच क्रमातील तीन अवस्था आहेत. फळरस करणारा हा क्रम आरंभीच थांबवितो, तर सायडर करणारा तो मध्ये थांबवितो.

फळांची निवडही यामुळे वेगळी होते. फळरसासाठी गोडी व आंबटपणा यांचा मेळ असलेली, खाण्याजोगी सफरचंदे चालतात. सायडरची गोडी किण्वनात नाहीशी होत असल्याने त्याचा कस टॅनिने व अम्ल यांवर ठरतो. इंग्लंडमध्ये बी. टी. पी. बार्कर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सायडरच्या सफरचंदांचे गोड, कडू-गोड, आंबट व कडू-आंबट असे चार वर्ग पाडले. त्यासाठी रसातील अम्लाची मर्यादा ०·४५ टक्के व टॅनिनांची ०·२ टक्के धरण्यात आली. यांपैकी कडू-गोड फळे तोंडात तुरट लागतात व सहसा कोणी खात नाही.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : लागवडीतील सफरचंदाचा पूर्वज मध्य आशियातील तिएनशान पर्वतराजीत आढळतो. तेथून हे फळ व्यापारी मार्गांनी पश्चिमेस गेले व वाटेत यूरोपातील रानटी सफरचंदाशी त्याचा संकर झाला. रोमन लेखक थोरला प्लिनी (इ. स. २३–७९) याने नासपती व सर्व प्रकारच्या सफरचंदांपासून मद्य करीत असल्याचा उल्लेख केला आहे. शार्लमेनच्या जहागिरींच्या व्यवस्थेसंबंधीच्या सु. ८०० मधील आदेशात बीर तसेच सफरचंदाचे व नासपतीचे मद्य करणारे कारागीर प्रत्येक ठिकाणी असावेत, असे सांगितले आहे. यानंतरच्या शतकांत नॉर्मंडी, ब्रिटनी, उत्तर स्पेनमधील बास्क प्रदेश व ॲस्टुरियस, तसेच नैर्ऋत्य इंग्लंड हे सायडरचे प्रमुख प्रदेश बनले. नॉर्मंडीतील वैद्य झ्यूल्यँ ल पोल्मिए यांनी १५८८ मध्ये वाइन व सायडर यांवर लॅटिन ग्रंथ लिहून सायडरच्या आरोग्यकारकत्वाचा पुरस्कार केला. सायडरचे ऊर्ध्वपातन करून केलेल्या मद्याचा उल्लेख नॉर्मंडीतील जमीनदार जील द गूबरव्हील यांच्या रोजनिशीत १५५३ मध्ये आढळतो. तेथील ‘काल्व्हादोस’ हे मद्य या प्रकारचे होय.

या काळात ताजा गोड रस कोणी पीतच नसे असे नाही. सफरचंदे चरकात घालण्याच्या हंगामात, म्हणजे शरद ऋतूत, तो थोडे दिवस मिळे. जर्मनीत फ्रँकफुर्टच्या परिसरात ताज्या रसास, आंबत असलेल्या रसास व तयार मद्यास अद्यापि वेगवेगळी नावे आहेत. परंतु बाजारात विकावयाचा वा हिवाळाभर साठवावयाचा पदार्थ म्हणून रसाला स्थान नव्हते.

इंग्लंडमधील उत्कर्ष : सतराव्या शतकात हेरफर्डशरमध्ये लॉर्ड स्क्यूडमोर यांनी ‘रेडस्ट्रीक’ या सफरचंदाच्या लागवडीस उत्तेजन दिले व त्याच्या सायडरला उत्तम द्राक्षमद्याच्या बरोबरीचा मान मिळाला. जॉन ईव्हलिन यांच्या वृक्षविषयक ग्रंथास जोडलेला ‘पोमोना’ हा भाग १६६४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनेक बागाईतदारांचे सायडरविषयक अनुभव संकलित केले आहेत. काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास १६१५ च्या राजाज्ञेने बंदी झाल्यामुळे इंग्लिश कारागीर दगडी कोळसा वापरू लागले व अधिक उष्णतेमुळे त्यांच्या बाटल्या अधिक मजबूत होऊ लागल्या. अशा बाटलीत थोडी साखर घालून सायडर बंद केल्यास आत पुन्हा किण्वन होऊन ते फेसाळते, हे तेथील लोकांना ज्ञात झाले होते. क्रिस्टोफर मेरेट यांनी १६६२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मद्यात साखर घालून ते फेसाळ करण्याच्या रीतीची माहिती सादर केली. शँपेनच्या कथेत ज्यांचे नाव घेतले जाते ते दों पेरीन्यों हे त्यानंतर १६६८ मध्ये ओव्हिलेर येथील मठात आले.

शेतमजुरांचे सायडर याहून निराळे होते. चोथ्यावर पाणी घालून तो दुसऱ्यांदा दाबून काढलेले हलके सायडर घरोघरी पितात तसे मजुरांनाही मिळे, आणि नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये मजुरीचा काही भाग रोज सायडरच्या रूपाने देण्याची प्रथा होती. ही प्रथा १८८७ च्या कायद्याने बंद करण्यात आली. शेतमजुरांना वेतनाचा भाग म्हणून मादक पेय देण्यास त्याने मनाई केली.

सायडर घरोघरी तयार होत असल्याने त्यावर कर बसविणे म्हणजे घरात शिरणे होते. सप्तवार्षिक युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी लॉर्ड ब्यूट यांच्या सरकारने १७६३ मध्ये सायडरच्या प्रत्येक हॉग्झहेड पिंपामागे ४ शिलिंग असा कर उत्पादकांवर लादला. त्याच्या वसुलीसाठी अबकारी अधिकाऱ्यांना खाजगी घरांची तपासणी करण्याचा अधिकार मिळाला. सायडर-प्रदेशांत याविरुद्ध निदर्शने झाली. संसदेत थोरल्या विल्यम पिट यांनी नागरिकाच्या घराच्या अभंगतेच्या तत्त्वावर या कराला विरोध केला. ब्यूट यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये राजीनामा दिला आणि १७६६ मध्ये कर रद्द झाला. ताज्या रसावर असा कर बसविणे त्या काळी कोणाच्या मनातही आले नसते, कारण तसा पदार्थ व्यापारात नव्हता.

डेव्हनचा शूळ : डेव्हन परगण्यात सायडर पिणाऱ्यांमध्ये पोटातील तीव्र शूळ, बद्धकोष्ठ व पुढे हातांचा पक्षाघात ही लक्षणे असलेला रोग दर शरद ऋतूत पसरत असे. विल्यम मस्‌ग्रेव्ह यांनी १७०३ मध्ये त्याचे वर्णन केले. जॉन हक्सॅम यांनी १७३९ मध्ये त्यावर लिहिताना सायडरच्या आंबटपणास दोष दिला. तथापि हेरफर्डशरमध्येही सायडर तितकेच प्यायले जात असून तेथे हा रोग क्वचितच आढळे, ही गोष्ट या उपपत्तीने उलगडत नव्हती. मूळचे डेव्हनचेच असलेले सर जॉर्ज बेकर यांनी दोन्ही परगण्यांतील चरकांची तुलना केली. डेव्हनमध्ये चरकाच्या दगडांचे सांधे शिसे ओतून बुजवीत व काही ठिकाणी दाबयंत्राला शिशाचे अस्तर असे. हेरफर्डशरमध्ये अशा कामी शिसे सहसा वापरीत नसत. रासायनिक परीक्षेने डेव्हनच्या सायडरमध्ये शिसे असल्याचे त्यांनी दाखविले व १७६७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वतःच्या परगण्याच्या मुख्य धंद्यास बट्टा लावल्याबद्दल त्यांना तेथील लोकांचा रोष सहन करावा लागला. पण पुढे चरकांतील शिसे काढून टाकण्यात आले व रोग ओसरत गेला.

शिसे विरघळविणारे द्रव्य अल्कोहॉल नव्हे, तर रसातील अम्ल होय; म्हणजे चरकातून निघालेल्या ताज्या रसातही ते विष होतेच. मद्याच्या नावावर खपलेला हा दोष वस्तुतः रसाच्या व भांड्याच्या संयोगाचा होता. हक्सॅम यांचा आंबटपणावरील रोख त्या मर्यादेत अगदीच चुकीचा नव्हता. फळरस असो वा सायडर, अम्लयुक्त रसाशी कोणत्या धातूचा संपर्क येऊ द्यावा याविषयी आधुनिक उद्योगात पाळली जाणारी दक्षता त्यामुळे सारखीच असते.

अमेरिकेतील अर्थांतर : इंग्लिश वसाहतकऱ्यांनी सफरचंद अमेरिकेत नेले. बियांपासून वाढविलेल्या सफरचंदाच्या झाडाला मातृवृक्षासारखी फळे येत नाहीत. ती बहुधा आंबट व तुरट असतात. खाण्यास ती निरुपयोगी असली, तरी सायडरसाठी चालतात. जॉन चॅपमन (१७७४–१८४५) यांनी ओहायओ व इंडियाना भागांत बियांपासून रोपवाटिका केल्या, त्यांतील फळांचा मुख्य उपयोग हाच होता. १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या पक्षाने लाकडी झोपडी व सायडरचे पिंप ही साधेपणाची चिन्हे म्हणून मिरविली व ते निवडून आले.

यानंतर मद्यपानविरोधी चळवळ बळावली, जर्मन स्थलांतरितांबरोबर आलेली बीर शहरांत स्वस्त झाली आणि शेतीवरील लोकवस्ती घटली. सायडरची पीछेहाट झाली व बागाईतदार खाण्याच्या सफरचंदांकडे वळले. १९२० ते १९३३ या काळात देशभर दारूबंदी होती. तिची अंमलबजावणी करणाऱ्या १९१९ च्या व्होलस्टेड अधिनियमाने ०·५ टक्का वा अधिक अल्कोहॉल असलेले पेय मादक ठरविले. पण केवळ घरगुती वापरासाठी तयार केलेल्या व मादक नसलेल्या सायडर व फळरसांस त्याच अधिनियमात वेगळी सवलत ठेवली. रस आपण होऊन आंबतो आणि शेतकऱ्याच्या तळघरातील पिंप केव्हा मर्यादा ओलांडते हे कोणी पाहू शकत नाही, या वास्तवाची ही एक प्रकारे कबुलीच होती. बाजारात मात्र ‘सायडर’ या नावाने गोड रसच उरला आणि दारूबंदी उठल्यावरही तोच अर्थ कायम राहिला.

फळरसाचा उदय : फ्रान्समधील नीकॉला आपेअर यांनी हवाबंद भांड्यात अन्न तापवून टिकविण्याची रीत १८१० मध्ये प्रसिद्ध केली, ते का टिकते हे मात्र त्यांना ज्ञात नव्हते. किण्वन हे सजीव यीस्टांचे कार्य आहे, हे लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या संशोधनाने प्रस्थापित केले व १८६० नंतरच्या दशकात मद्य माफक तापवून त्याचा बिघाड टाळण्याची रीत दिली (→ पाश्चरीकरण). मद्य टिकविण्यासाठी निघालेली ही युक्ती मद्य होऊच नये यासाठी वापरण्याचे श्रेय अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील दंतवैद्य टॉमस वेल्श यांना आहे. ते मेथडिस्ट पंथाचे होते आणि प्रभुभोजनाच्या विधीसाठी त्यांना मादक नसलेले द्राक्षपेय हवे होते. १८६९ मध्ये त्यांनी द्राक्षरसाच्या बाटल्या उकळत्या पाण्यात तापवून तो टिकविला. स्वित्झर्लंडमधील वनस्पतिवैज्ञानिक हेर्मान म्यूलर-टुरगाउ यांनी १८९६ मध्ये फळांची व द्राक्षांची न आंबविलेली पेये करण्याविषयी पुस्तक लिहिले. म्हणजे टिकाऊ फळरसाचा जन्म मद्याच्या विरोधातून व मद्याच्याच शास्त्रातून झाला.

विसाव्या शतकात या धंद्याची तांत्रिक प्रगती झपाट्याने झाली. स्वित्झर्लंडमध्ये कार्बन डाय-ऑक्साइडच्या दाबाखाली रस साठवून यीस्टांची वाढ रोखण्यात आली. १९३० च्या सुमारास पेक्टिनाचे विघटन करणारी एंझाइमे वापरून गढूळ रस निवळ करण्यास आरंभ झाला. निर्वातात पाणी उडवून केलेल्या संहत रसात (दाट केलेल्या रसात) सु. ७० टक्के विद्राव्य घन पदार्थ असतात. इतक्या शर्करेत बहुतेक सूक्ष्मजीव वाढत नाहीत व वाहतुकीचा खर्चही वाचतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ लाँग ॲश्टन येथे सायडरच्या सुधारणेसाठी १९०३ मध्ये स्थापन झालेल्या संशोधन केंद्रात फळांच्या रसावर व पाकावरही काम झाले. तेथील संशोधनातून निघालेला ब्लॅककरंटचा पाक दुसऱ्या महायुद्धात क जीवनसत्त्वासाठी मुलांना मोफत वाटण्यात आला. हे केंद्र २००३ मध्ये बंद झाले.

आरोग्य : फळरस निरुपद्रवी व सायडर अपायकारक असा सरसकट निवाडा करता येत नाही. सायडरमधील अल्कोहॉलचे दुष्परिणाम इतर मद्यांप्रमाणेच आहेत आणि लहान मुलांना व गर्भवती स्त्रियांना ते वर्ज्य आहे. दुसऱ्या बाजूने, अल्कोहॉल व अम्ल यांच्या संयोगामुळे पुरेशा आंबलेल्या सायडरमध्ये रोगकारक जंतू सहसा तग धरीत नाहीत. न तापविलेल्या गोड रसाला हे संरक्षण नसते. अमेरिकेत १९९१ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यात व १९९६ मध्ये पश्चिमेकडील राज्यांत न तापविलेल्या सफरचंद-रसातून ‘एश्चेरिकिया कोलाय ओ १५७:एच ७’ या जंतूंचा प्रसार झाला व दुसऱ्या साथीत एक बालक दगावले. रस पुरेसा आंबट असल्याने त्यात असे जंतू जगणार नाहीत, हा पूर्वापारचा समज त्यामुळे खोटा ठरला. यानंतर तेथे १९९८ मध्ये अशा रसाच्या वेष्टनावर इशारा छापणे आवश्यक झाले आणि २००१ मधील नियमांनी रोगजंतूंची संख्या एक लक्षांशापर्यंत खाली आणणारी प्रक्रिया बंधनकारक केली. सडक्या सफरचंदांवरील पेनिसिलियम बुरशीपासून तयार होणारे पॅट्युलीन हे विष रस तापवूनही बहुतांशी टिकते, तर यीस्टांच्या किण्वनात त्याचा बराचसा नाश होतो. त्यामुळे रसासाठी निरोगी फळे निवडणे अधिकच महत्त्वाचे असते. शर्करेच्या बाबतीत, जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार फळरसातील नैसर्गिक शर्कराही मर्यादेत ठेवावयाच्या ‘मुक्त शर्करां’त मोडते.

कायदेशीर व्याख्या : आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेच्या २००५ मधील मानकात फळरस म्हणजे फळाच्या खाद्य भागापासून काढलेला, ‘न आंबलेला पण आंबू शकणारा’ द्रव, अशी व्याख्या आहे. यूरोपीय संघाच्या २००१ च्या निदेशातही हीच कसोटी आहे. म्हणजे रसाची ओळख त्यात न घडलेल्या क्रियेवरून पटविली जाते. सायडरच्या व्याख्या देशोदेशी भिन्न आहेत. ब्रिटनमध्ये करआकारणीसाठी सायडरमधील अल्कोहॉल १·२ टक्क्यांहून अधिक व ८·५ टक्क्यांहून कमी असावे लागते आणि २०१० पासून त्यात किमान ३५ टक्के सफरचंद वा नासपती-रस असणे आवश्यक आहे. या रसात संहत रसही धरला जातो. त्यामुळे पाणी व साखर घालून केलेले पेयही सायडर म्हणून विकता येते. शुद्ध म्हणून विकल्या जाणाऱ्या फळरसात मात्र असे पाणी वा साखर चालत नाही. फ्रान्समध्ये ३ टक्क्यांपर्यंतच अल्कोहॉल असलेले गोड सायडरही प्रचारात आहे. त्यात बरीच शर्करा शिल्लक असते व ते रस आणि मद्य यांच्या सीमेवर उभे आहे. ॲस्टुरियसमधील सायडर-संस्कृतीचा समावेश युनेस्कोने २०२४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला.

भारत : भारतात सफरचंदाची लागवड मुख्यत्वे जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथे होते. सॅम्युएल स्टोक्स यांनी हिमाचल प्रदेशातील कोटगढ भागात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आणलेल्या ‘डिलिशस’ गटातील जाती खाण्यासाठी उत्तम आहेत. त्यांत अम्ल व टॅनिने कमी असल्याने पारंपरिक पद्धतीच्या सायडरसाठी त्या फारशा अनुकूल नाहीत. डागी व लहान फळांचा रस व संहत रस करण्याकडेच तेथील प्रक्रिया उद्योगाचा अधिक कल राहिला आहे. मद्यार्कयुक्त पेयांसंबंधीच्या २०१८ च्या भारतीय अन्नसुरक्षा विनियमांत सायडरचा समावेश असून फळरसांची मानके स्वतंत्र आहेत. महाराष्ट्रात मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ याने नीरा व ताडी यांच्या व्याख्या वेगवेगळ्या केल्या व किण्वनास प्रतिबंध केलेल्या भांड्यात धरलेला रस तोच नीरा, असे ठरविले. सफरचंदाच्या प्रदेशांत रस व सायडर यांमध्ये आखली गेलेली रेषा येथे ताड-माडांच्या रसाबाबत त्याच तत्त्वावर आखलेली आहे.